रस्ट शिकायला कोणाला कोणतं पुस्तक? प्रकल्प नोंदी

२ जून २०२५, सोमवार

दूध संकलन केंद्रावरच्या प्रोग्रॅमचा नवा भाग रस्ट या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहायचा, हे आज पक्कं झालं. जुना भाग सी भाषेत आहे, तो तसाच राहणार. मिल्क ॲनालायझर सिरीयल पोर्टवरून फॅट आणि एसएनएफ (दुधातले फॅट सोडून बाकीचे घन पदार्थ) पाठवतो, वजनकाटा वजन पाठवतो, प्रोग्रॅम दरपत्रकात बघून रक्कम काढतो आणि उत्पादकाच्या हातात पावती पडते. हे सगळं एका छोट्या लिनक्स बोर्डवर चालतं. सकाळच्या शिफ्टला प्रोग्रॅम बसला की माणसं किटल्या घेऊन रांगेत ताटकळतात, आणि पावतीवरचा आकडा चुकला तर ते त्याहून वाईट. मेमरीच्या चुका प्रोग्रॅम केंद्रावर जायच्या आधीच पकडल्या जाव्यात, एवढ्यासाठी रस्ट.

पुस्तकं निवडायचं काम माझ्याकडे आलंय. शिकणारे आम्ही चौघं. अण्णा, जुना सगळा सी कोड ज्यांच्या हातचा आहे. ताई, ज्या पंधरवड्याच्या बिलांचे अहवाल पायथनमध्ये करतात. धाकटा, जो यंदाच डिप्लोमा संपवून आलाय. आणि मी. गणपतीच्या आत पहिला तुकडा एका केंद्रावर चालवून बघायचा आहे.

आमच्या पिढीत सी शिकलेल्या कितीतरी जणांच्या हातून नागपूरच्या यशवंत कानेटकरांचं 'लेट अस सी' गेलेलं आहे. तेव्हा एकच पुस्तक वर्गभर फिरायचं आणि सगळ्यांना चालायचं, कारण सगळेच शून्यापासून सुरू करत होते. इथे चौघं चार ठिकाणांहून निघतोय. म्हणून 'रस्टचं सगळ्यात चांगलं पुस्तक कोणतं' हा प्रश्नच मी बाजूला ठेवलाय. कोणाला कोणतं, ते शोधायचं.

४ जून, बुधवार

यादी केली. मुद्दाम छोटी ठेवली.

पहिलं अर्थातच 'द रस्ट प्रोग्रॅमिंग लँग्वेज'. स्टीव्ह क्लॅबनिक आणि कॅरल निकोल्स यांचं. छापील दुसरी आवृत्ती नो स्टार्च प्रेसची, २०२३ ची. रस्टवाले त्याला नुसतं 'द बुक' म्हणतात. नेटवर संपूर्ण फुकट आहे आणि भाषेच्या प्रत्येक नव्या आवृत्तीबरोबर येतं. त्यातला कोड आपोआप तपासला जातो, त्यामुळे पुस्तकात एक आणि कंपायलरचं (कोड तपासून चालवण्याजोगा करणाऱ्या प्रोग्रॅमचं) दुसरंच असं सहसा होत नाही. एखाद्या भाषेच्या अधिकृत पुस्तकाची एवढी काळजी घेतलेली मी क्वचितच पाहिली आहे.

दुसरं 'प्रोग्रॅमिंग रस्ट': जिम ब्लँडी, जेसन ओरेनडॉर्फ आणि लिओनोरा टिंडल. ओरायली, दुसरी आवृत्ती २०२१. सातशेच्या वर पानं. सीचं केरनिगन-रिचीचं पुस्तक, १९८८ ची दुसरी आवृत्ती, तीनशेच्या आत आटोपतं. अण्णांनी हे ठोकळ्यासारखं पुस्तक हातात घेतलं तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर तोच हिशेब दिसत होता.

मग टिम मॅक्नमारांचं 'रस्ट इन ॲक्शन' (मॅनिंग, २०२१), केन यून्स-क्लार्क यांचं 'कमांड-लाइन रस्ट' (ओरायली, २०२२) आणि जॉन येंगसेट यांचं 'रस्ट फॉर रस्टेशियन्स' (नो स्टार्च, २०२१). शेवटचं आत्ता कोणाच्याच हातात द्यायचं नाही. ते पहिलं पुस्तक पचवलेल्यांसाठी लिहिलेलं आहे आणि तसं ते स्वतःच स्पष्ट सांगतं.

मायक्रोकंट्रोलरसाठी 'एम्बेडेड रस्ट बुक' नावाचं मोफत पुस्तक आहे, पण आमचा बोर्ड लिनक्सवर चालतो. त्याची आपल्याला गरज नाही.

७ जून, शनिवार

दुसऱ्या कामाने पुण्यात होतो. अप्पा बळवंत चौकात चक्कर मारली. परीक्षेच्या गाइडांच्या ढिगात रस्टचं पुस्तक सापडणं अवघडच, तरी जुन्या पुस्तकांत एक मिळालं. किंमत अगदी कमी. उभ्या उभ्या चाळलं आणि परत ठेवलं. का ठेवलं ते इथे लिहून ठेवतो, कारण हा प्रश्न पुन्हा येणार.

रस्ट १.० आलं १५ मे २०१५ ला. त्यानंतर भाषेच्या 'एडिशन', म्हणजे थोड्या बदललेल्या नियमांचे संच, आल्या: २०१८, २०२१ आणि यंदा फेब्रुवारीत, १.८५ बरोबर, २०२४ ची. जुना कोड जुन्या एडिशनवर चालतच राहतो, ही रस्टची मोठी सोय. पण शिकणाऱ्याने जुनी सवय लावून घेतली की ती नव्या कोडमध्ये नडते. पुस्तक किती जुनं आहे हे कळायला मलपृष्ठापेक्षा आतली तीन ठिकाणं बघावीत.

एक, 'डिन' हा शब्द. ट्रेट ऑब्जेक्ट (जिचा नेमका प्रकार प्रोग्रॅम चालतानाच कळतो अशी वस्तू) लिहिताना तो २०१८ च्या जूनपासून आहे, आणि २०२१ एडिशनमध्ये त्याशिवाय कोड कंपाइलच होत नाही. पुस्तकात 'बॉक्स'च्या कंसात नुसतं 'एरर' लिहिलेलं असेल, तर पुस्तक त्याआधीचं. दोन, प्रत्येक उदाहरणाच्या वर 'एक्स्टर्न क्रेट'ची, म्हणजे बाहेरची लायब्ररी जोडायची, ओळ असेल, तर तेही २०१८ च्या आधीचं. तीन, 'असिंक-अवेट', म्हणजे एका कामाची वाट बघताना दुसरं चालू ठेवायची सोय. ते २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये स्थिर झालं. त्याआधीच्या पुस्तकात ते नसणारच.

याहून खोल फरक बॉरो चेकरचा आहे, म्हणजे उधार दिलेली माहिती कोण वाचतं, कोण बदलतं ते तपासणाऱ्या कंपायलरच्या भागाचा. २०१८ एडिशनपासून तो हुशार झाला: रेफरन्स (उधारीवर घेतलेला पत्ता) शेवटचा जिथे वापरला तिथे उधारी संपली असं तो धरतो, कंसाच्या शेवटापर्यंत थांबत नाही. त्याआधीचं पुस्तक 'हे चालणार नाही' म्हणून जो कोड दाखवतं त्यातला बराचसा आज बिनबोभाट चालतो. नवशिक्याने तो टाइप केला, चालला, तर त्याचा पुस्तकावरचाही विश्वास उडतो आणि स्वतःवरचाही. स्वस्तात मिळालं तरी असं पुस्तक धाकट्याच्या हाती द्यायचं नाही.

११ जून, बुधवार

आजची नोंद लांब होईल. निवडीची कसोटी आज सापडली.

पुस्तकं चाळताना सगळी पहिली प्रकरणं सारखीच छान वाटत होती. इन्स्टॉल कसं करायचं, कार्गो (रस्टचं प्रोजेक्ट सांभाळणारं टूल) म्हणजे काय, व्हेरिएबल, लूप. ज्याला दुसरी कुठलीही भाषा येते त्याला ती सगळीच समजतात, त्यावरून काहीच ठरत नाही. रस्टमध्ये माणूस अडकतो तो ओनरशिप (माहितीची मालकी कोणाची) आणि बॉरोइंगला (ती उधार कशी द्यायची). मग ठरवलं की प्रत्येक पुस्तकाचं तेच प्रकरण आधी वाचायचं, आणि तेही आपल्याच कामातला एक प्रश्न समोर ठेवून.

प्रश्न अण्णांनी दिला. त्यांनी सीमध्ये दहा-बारा ओळी लिहिल्या. ॲनालायझरकडून ओळ येते: ६.८, ९.१, ४.५. फॅट, एसएनएफ, लिटर. ओळ एका बफरमध्ये (मेमरीतल्या तात्पुरत्या जागेत) वाचायची, सीच्या 'स्ट्रटोक' फंक्शनने स्वल्पविरामावर तोडायची, पहिल्या तुकड्याचा पॉइंटर (मेमरीतला पत्ता) 'फॅट' म्हणून धरून ठेवायचा. मग पुढची ओळ त्याच बफरमध्ये वाचायची. आणि आता मघाचा फॅट छापायचा.

छापला गेला ७.२. म्हणजे रांगेत मागे उभ्या असलेल्या माणसाच्या दुधाचा फॅट. पॉइंटर बफरच्या आत बघत होता, बफरमधला मजकूर बदलला, पॉइंटर तिथेच राहिला. सीचा कंपायलर एक शब्द बोलला नाही. अण्णा म्हणाले, "हे मी झोपेतही ओळखतो. पण ओळखायला मी तिथे असायला पाहिजे ना. उद्या हा कोड धाकटा बदलणार."

आता हेच रस्टमध्ये. बफर म्हणजे एक बदलता येणारी स्ट्रिंग (मजकूर). लूपमध्ये ती रिकामी करायची, ओळ वाचायची, स्वल्पविरामावर तोडायची आणि पहिला तुकडा लूपच्या बाहेरच्या 'मागचा' नावाच्या व्हेरिएबलमध्ये ठेवायचा. पुढच्या फेरीला 'मागचा' छापायचा. कंपायलर बफर रिकामा करायच्या ओळीवरच अडवतो. एरर ई-०५०२: बफर वाचायला उधार दिलेला आहे आणि ती उधारी पुढे वापरली जाणार आहे, तोवर तो बदलता येणार नाही. कोणती ओळ उधार घेते, कोणती बदलू बघते, उधारी पुढे कुठे वापरली आहे, तिन्ही ठिकाणी खुणा करून दाखवतो.

मग तीन पुस्तकं या एका एररसाठी उघडली.

'द बुक'च्या चौथ्या प्रकरणाचा तिसरा भाग जवळजवळ हाच प्रश्न घेतो. वाक्यातला पहिला शब्द काढून देणारं फंक्शन आहे. आधी ते शब्द कुठे संपतो त्याचा आकडा परत देतं, मग वाक्य रिकामं केलं तरी आकडा तसाच राहतो आणि निरर्थक होतो. मग आकड्याऐवजी स्लाइस (वाक्याच्याच तुकड्याकडे दाखवलेलं बोट) परत दिला की वाक्य रिकामं करायची ओळच कंपाइल होत नाही. तोच ई-०५०२. पायऱ्या लहान आहेत, इंग्रजी सोपं आहे, एका वेळी एकच गोष्ट येते. धाकटा हे एकट्याने वाचू शकेल.

'प्रोग्रॅमिंग रस्ट' चौथ्या प्रकरणात ओनरशिप आणि पाचव्यात रेफरन्स घेतं. इथे मेमरीची चित्रं आहेत: स्टॅकवर काय, हीपवर काय, बाण कुठून कुठे. वाचणाऱ्याला पॉइंटर माहीत आहे असं धरून लेखक बोलतात. अण्णांनी ती चित्रं बोटाने गिरवत वाचली.

'रस्ट इन ॲक्शन'चं हे प्रकरण छोट्या उपग्रहांवर आणि त्यांच्याशी बोलणाऱ्या ग्राउंड स्टेशनवर उभं आहे. कल्पना सुंदर आहे. पण आमच्या प्रश्नाचं उत्तर त्यातून काढायला आधी उपग्रहांची मांडणी डोक्यात धरावी लागते. ज्याला एकदा कळलंय त्याला पक्कं करायला ते चांगलं आहे.

कसोटी अशी ठरली: प्रकरण वाचायचं, पुस्तक मिटायचं, आणि आमचा बफरचा कोड समोर ठेवून कंपायलर काय म्हणेल आणि का म्हणेल ते रन करायच्या आधी सांगायचं. ज्या पुस्तकाने ज्याला हे सांगता येईल, ते पुस्तक त्याचं.

१६ जून, सोमवार

अण्णा आणि 'प्रोग्रॅमिंग रस्ट'. कसोटी पार.

त्यांनी वेगळीच गोष्ट दाखवली. 'मागचा' ठेवायला तुकड्याची नवी स्ट्रिंग करून घेतली की एरर जातो, आणि घाईत कोणीही तेच करेल. अण्णांनी तुकडा तिथल्या तिथे आकड्यात बदलला. ६.८ म्हणजे ६८, दशांशाचा पूर्णांक. आकड्याची प्रत होते, उधारी उरतच नाही, आणि दरपत्रक शोधायलाही पूर्णांकच बरा. "कंपायलरने अडवलं म्हणून मी विचार केला की मला नक्की काय जपून ठेवायचंय. मला ओळ नकोय, मला फॅट हवाय." त्यांना हे पुस्तकाच्या चित्रांमुळे दिसलं, असं त्यांचंच म्हणणं. तीस वर्षं सी लिहिणाऱ्या माणसाला कळेल अशा भाषेत ते पुस्तक बोलतं.

ओरायलीच्या पुस्तकांच्या भारतीय आवृत्त्या शरॉफ पब्लिशर्स काढतात, त्या रंगीत नसतात पण परवडतात. या पुस्तकाला रंगाची गरज नाही. चित्रं रेघांची आहेत.

२१ जून, शनिवार

ताईंसाठी मी 'द बुक' काढून ठेवलं होतं. त्यांनी दोन्ही वाचली आणि त्यांना बसलं 'प्रोग्रॅमिंग रस्ट'चं चौथं प्रकरण. कारण ऐकल्यावर पटलं.

त्या प्रकरणात एकच कृती तीन भाषांत करून दाखवली आहे. नूडल्सच्या तीन नावांची यादी: उडॉन, रामेन, सोबा. ती 'एस'मध्ये. मग 'टी'ला 'एस' दिला, 'यू'ला 'एस' दिला. पायथनमध्ये यादी एकच राहते, तिघं तिच्याकडे बोट दाखवतात आणि यादीच्या अंगावर 'मला धरणारे तीन' असा आकडा असतो. सी प्लस प्लसमध्ये प्रत्येक वेळी पूर्ण यादी नावांसकट कॉपी होते, म्हणजे शेवटी तीन याद्या. रस्टमध्ये 'टी'ला दिली की यादी 'एस'कडून गेली; तिसरी ओळ एरर, ई-०३८२, दिलेली वस्तू परत वापरताय.

ताई म्हणाल्या, "पायथनमध्ये हे सगळं माझ्या पाठीमागे चालतं, मला कोणी कधी दाखवलंच नव्हतं. एका यादीत बदल केला की दुसरी का बदलते, हे मी अहवालात कितीदा बघितलंय." म्हणजे सी प्लस प्लसवाल्यांसाठी लिहिलेल्या वाटणाऱ्या जाड पुस्तकाने पायथनवालीला तिचीच भाषा समजावली. त्या प्रकरणानंतर 'द बुक' त्यांनी भराभर वाचून काढलं.

यातून क्रम ठरला. ताईंसाठी: 'प्रोग्रॅमिंग रस्ट' चौथं प्रकरण, मग 'द बुक' सुरुवातीपासून. पुस्तक अखंड वाचायलाच हवं असा नियम नाही. एका प्रकरणासाठीसुद्धा ते घेण्यासारखं असतं.

२७ जून, शुक्रवार

धाकट्याला जड पुस्तक देऊन चालणार नाही. त्याची बुद्धी तल्लख आहे, पण इंग्रजीतला लांब परिच्छेद आला की त्याची नजर कोडवर उडी मारते आणि मधलं कारण राहून जातं. त्याला 'द बुक'च दिलं, पण ब्राऊन विद्यापीठाच्या संशोधकांनी केलेली त्याची आवृत्ती. तीही मोफत. तिच्यात दोन गोष्टी वेगळ्या आहेत.

जागोजागी प्रश्न आहेत: हा प्रोग्रॅम कंपाइल होईल का, होत असेल तर काय छापेल. म्हणजे आमचीच कसोटी, पुस्तकातच बसवलेली. वाचताना नजर सटकली तर पुढच्याच प्रश्नाला कळतं.

आणि चौथं प्रकरण त्यांनी नव्याने लिहिलंय. प्रत्येक व्हेरिएबलला तीन परवानग्या आहेत असं धरायचं: वाचायची, बदलायची, मालकीची. बफरचा एखादा तुकडा वाचायला उधार दिला की बफरची बदलायची आणि मालकीची परवानगी जाते. तुकडा शेवटचा वापरून झाला की परत येते. ओळीच्या शेजारी ती येणं-जाणं चिन्हांनी दाखवलेलं आहे. धाकट्याने आमच्या बफरच्या कोडची प्रिंट काढली आणि प्रत्येक ओळीपुढे पेन्सिलने वा, ब, मा लिहीत गेला. 'रिकामा कर' या ओळीपाशी थांबला. "इथे ब नाहीये, सर. 'मागचा' अजून खाली छापायचाय. इथेच अडवणार." रन केलं. तिथेच अडवलं.

मला आज फार आनंद झाला. मी पुस्तकं निवडतोय ती याच क्षणासाठी.

सरावाला 'रस्टलिंग्ज' सुरू केलं. छोटे छोटे मोडके प्रोग्रॅम, ते दुरुस्त करत पुढे जायचं. रोज सकाळी चहाआधी थोडे.

एक बारीक गोष्ट. 'द बुक'च्या दुसऱ्या प्रकरणात आकडा ओळखायचा खेळ आहे, त्यात 'रँड' नावाचं क्रेट, म्हणजे लायब्ररी, लागतं. छापील पुस्तकात त्याची ०.८.५ ही आवृत्ती आहे. नुसतं 'कार्गो ॲड रँड' केलं की नवी ०.९ येते, तिच्यात फंक्शनांची नावं बदलली आहेत आणि पहिल्याच दिवशी इशारे दिसायला लागतात. नवशिक्याने आवृत्ती पुस्तकातलीच लिहावी.

३ जुलै, गुरुवार

दुपारभर पाऊस, लाइट नाही, नेट नाही. लॅपटॉपच्या बॅटरीवर काम. रस्ट इन्स्टॉल करताना कागदपत्रं सोबत येतात, त्यामुळे 'रस्टअप डॉक' या कमांडने 'द बुक' आणि स्टँडर्ड लायब्ररीची सगळी माहिती नेटशिवाय उघडते. केंद्रांवरच्या बोर्डजवळ बसून काम करताना हे फार उपयोगी पडेल. तसंच 'रस्टसी एक्सप्लेन' आणि पुढे एररचा आकडा दिला की त्या एररवर छोटा धडाच मिळतो, चुकीच्या आणि बरोबर कोडसकट.

९ जुलै, बुधवार

'कमांड-लाइन रस्ट' मी स्वतः घेतलं. प्रत्येक प्रकरणात युनिक्सचं एक जुनं टूल नव्याने लिहायचं: एको, कॅट, हेड, ग्रेप, टेल. टेस्ट आधीच लिहिलेल्या असतात, आपला प्रोग्रॅम त्या पास करेपर्यंत खपायचं. 'कट'चं प्रकरण आमच्या कामाशी थेट जुळतं, कारण ओळीतून हवे ते रकाने काढणं हेच तर आम्ही करतोय. ते प्रकरण धाकट्याला पुढच्या आठवड्यात द्यायचं. भाषा शिकवण्यात ते 'द बुक'ची जागा घेत नाही. पण शिकलेलं वापरून एक पूर्ण, टेस्ट असलेला प्रोग्रॅम कसा उभा राहतो हे दुसरं कोणी इतकं सरळ दाखवत नाही.

'रस्ट इन ॲक्शन' शेल्फवर ठेवतोय. त्यात की-व्हॅल्यू स्टोअर आहे, वेळ जुळवणारा एनटीपी क्लायंट आहे. बोर्डचं घड्याळ मागे पडतं, पावतीवर तारीख चुकते, तेव्हा ते प्रकरण लागेल.

२२ जुलै, मंगळवार

जुन्या सी लायब्ररीला रस्टमधून हाक मारायची वेळ आली. 'प्रोग्रॅमिंग रस्ट'चं शेवटचं, तेविसावं प्रकरण यावरच आहे. गिटची कामं करणारी 'लिबगिट२' ही सी लायब्ररी घेऊन आधी उघड्यावाघड्या 'अनसेफ' (कंपायलर मेमरीची हमी देत नाही अशा) पद्धतीने तिला हाक मारतात, मग त्यावर सुरक्षित रस्टचं आवरण चढवतात. आम्हाला हवं होतं ते अगदी हेच. दुसऱ्या कुठल्या पुस्तकात हे इतक्या निगुतीने मला दिसलं नाही. एवढ्या एका प्रकरणासाठीही पुस्तकाची किंमत वसूल आहे.

पण पुस्तक २०२१ चं आणि आमचा कंपायलर २०२५ चा. त्यातला सीची फंक्शनं जाहीर करणारा 'एक्स्टर्न'चा ब्लॉक २०२४ एडिशनमध्ये तसाच्या तसा चालत नाही. पुढे 'अनसेफ' लिहावं लागतं. 'नो मँगल'ची (फंक्शनचं नाव आहे तसंच ठेवायची) खूणही आता 'अनसेफ'च्या कंसात टाकावी लागते. 'कार्गो न्यू' आता आपोआप २०२४ एडिशन लावतं. म्हणून पुस्तकातले धडे करताना कार्गोच्या फाइलमध्ये एडिशन २०२१ करून घ्यायची. पुस्तकातला कोड पुस्तकासारखाच चालतो. आमच्या खऱ्या कोडला मात्र २०२४. प्रत्येक पुस्तकाच्या पहिल्या पानावर पेन्सिलीने त्याची एडिशन लिहून ठेवली.

अण्णांना लिंक्ड लिस्ट (प्रत्येक नोंद पुढच्या नोंदीकडे बोट दाखवते अशी यादी) लिहून बघायची होती, सीवाल्याचा हात तिकडेच जातो. रस्टमध्ये तो पहिला धडा म्हणून वाईट, कारण दोघांनी एकमेकांकडे बोट दाखवायचं म्हटलं की ओनरशिपचे सगळे नियम एकदम अंगावर येतात. यावरच लिहिलेलं एक मोफत पुस्तक आहे, 'लर्न रस्ट विथ एन्टायरली टू मेनी लिस्ट्स'. अण्णांनी ते रविवारी सुरू केलं आणि सोडवत नाहीये म्हणाले.

८ ऑगस्ट, शुक्रवार

पहिला तुकडा एका केंद्रावर संध्याकाळच्या शिफ्टला जुन्या प्रोग्रॅमच्या शेजारी चालतोय. दोघांच्या पावत्या जुळतायत. पैसे अजून जुन्याच पावतीवर.

खरेदीची यादी ठरली. 'प्रोग्रॅमिंग रस्ट'च्या भारतीय आवृत्तीच्या दोन प्रती, एक अण्णांच्या टेबलावर कायमची. 'द बुक'ची छापील एक, कारण धाकट्याला पानावर पेन्सिल चालवायला आवडतं. असिंकचं सतरावं प्रकरण छापील दुसऱ्या आवृत्तीत नाही, ते नेटवर वाचायचं. 'कमांड-लाइन रस्ट' एक. बाकी सगळं मोफत आहे, त्याला पैसे घालवायचे नाहीत.

पुढचा टप्पा थ्रेडचा, म्हणजे एकाच प्रोग्रॅममध्ये एकाच वेळी दोन कामं चालवायचा. त्यासाठी मारा बोस यांचं 'रस्ट ॲटॉमिक्स अँड लॉक्स' (ओरायली, २०२३) नजरेत आहे. लेखिकेने ते नेटवर वाचायला खुलं ठेवलंय, पण आमच्यासाठी ते आत्ता खोल पाणी आहे. आधी 'द बुक'चं सोळावं प्रकरण चौघांनी मिळून. 'आरसी' (एका वस्तूचे किती मालक ते मोजणारा प्रकार) एका थ्रेडमधून दुसरीकडे पाठवायला गेलं की कंपायलर कसा अडवतो आणि तिथे त्याचंच थ्रेडमध्ये चालणारं रूप 'आर्क' का लागतं, ते त्यात आहे. कसोटीचा प्रश्न अण्णांनी आजच फळ्यावर लिहून ठेवलाय: काटा एका थ्रेडवर वाचायचा, ॲनालायझर दुसऱ्या, आणि दोन्ही आकडे एकाच उत्पादकाच्या नावावर पडले पाहिजेत. सोमवारी सकाळची शिफ्ट आटोपली की वाचायला बसायचं.